मुंबईची वेळ कोलकात्याच्या नावावर

माझा मावसभाऊ ओंकार कल्याणला राहतो. गेल्या वर्षी त्याची पहिल्या नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. ईमेलमध्ये दोनच ओळी होत्या: अभिनंदन, आणि वेळेसाठी सोबतचं कॅलेंडर आमंत्रण बघा. आमंत्रण त्याने लॅपटॉपवर उघडलं. दुपारी साडेचार. तो सव्वाचारलाच इस्त्रीचा शर्ट घालून बसला, खोलीचं दार लावलं, फोन हॉटस्पॉटला लावून उशीजवळ ठेवला. चार पंचवीसला लिंकवर क्लिक केलं. मीटिंग संपली होती. मुलाखत चारला होती.

लॅपटॉपचं घड्याळ बरोबर होतं, फोनशी मिनिटभराचाही फरक नव्हता. मग चुकलं काय?

रात्री त्याने मला लॅपटॉप दाखवला. 'दादा, तूच बघ. वेळ बरोबर आहे की नाही?' वेळ बरोबर होती, पण तिच्या खाली टाइम झोन होता ढाका, यूटीसी+०६:००. लॅपटॉप जुना, ओळखीतून घेतलेला. झोन आधीच्या मालकाने निवडला की विंडोज टाकून देणाऱ्याने, कोण जाणे. घरी आणला तेव्हा घड्याळ अर्धा तास पुढे होतं. ओंकारने आपल्यापैकी नव्वद टक्के लोक करतील तेच केलं. 'वेळ आपोआप सेट करा' हे बटण बंद केलं आणि काटे हाताने अर्धा तास मागे घेतले.

झोन मात्र तसाच राहिला. त्यामुळे घड्याळ कल्याणची वेळ दाखवत होतं आणि कॅलेंडर ढाक्याची. पाठवणाऱ्याने धाडलेली वेळ होती ग्रिनिचच्या हिशोबाने सकाळी साडेदहा. त्यात साडेपाच तास मिळवले की आपले चार. लॅपटॉपने सहा मिळवले आणि साडेचार दाखवले.

मी झोन बदलायला यादी उघडली. 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली.' ओंकार म्हणाला, 'बरं झालं, इथे मुंबई तरी आहे. फोनवर नुसतं कोलकाता येतं. आपण काय कोलकात्याच्या वेळेवर चालतो?'

त्याला तेव्हा म्हटलं, झोप आता. पण प्रश्न चांगला होता. उत्तर शोधायला गेलो आणि पोहोचलो थेट १८८१ सालच्या मुंबईत. तिथेही भांडण अर्ध्या तासाचंच होतं.

काटे आणि झोन

आधी यंत्राच्या पोटात काय चालतं ते बघू, म्हणजे पुढचा इतिहास सोपा जाईल.

तुमचा फोन 'दुपारचे चार' अशी वेळ साठवत नाही. तो फक्त सेकंद मोजतो. १ जानेवारी १९७० रोजी, ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, एवढा एकच आकडा त्याच्याकडे असतो. हा आकडा या क्षणी कल्याणमध्ये, ढाक्यात आणि लंडनमध्ये सारखाच असतो. तो पडद्यावर दाखवताना मात्र फोन विचारतो, हा माणूस आहे कुठे? झोन म्हणजे या प्रश्नाचं उत्तर. भारत म्हटलं की साडेपाच तास मिळवायचे आणि दाखवायचं.

म्हणजे कॉम्प्युटरमध्ये वेळ दोन ठिकाणी चुकू शकते. मोजणी चुकते, नाहीतर मिळवणी चुकते. कोणतं चुकलंय हे फरकावरून बरंचसं कळतं. घड्याळ बरोबर अर्धा तास, पाऊण तास किंवा पूर्ण तासांनी पुढेमागे असेल, तर संशय झोनवर घ्यायचा. फरक सात मिनिटं, तेवीस मिनिटं असा वेडावाकडा असेल, तर मोजणीवर. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावल्यावर तारीख काही वर्षं मागे जात असेल, तर बहुधा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. अशा वेळी ब्राउझर चांगल्या चांगल्या वेबसाइट्सनाही 'असुरक्षित' म्हणू लागतो, कारण त्याच्या लेखी त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत अजून सुरूच झालेली नसते.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेल्या मुलांना आणखी एक त्रास ओळखीचा असेल. लिनक्समधून विंडोजमध्ये यावं तर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. आत बिघाड काहीच नसतो. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स ग्रिनिचची वेळ लिहितं. विंडोज तोच आकडा स्थानिक वेळ समजून वाचतं. घड्याळ एक, वाचणारे दोन, आणि त्यांच्यात ठरलेलं काहीच नाही. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत स्वीकारायला लावली की प्रश्न मिटतो. लिनक्समध्ये त्यासाठी एक ओळीची आज्ञा आहे, विंडोजमध्ये रजिस्ट्रीतली एक नोंद.

आता हीच गोष्ट कॉम्प्युटर काढून टाकून बघा. शहर एक, घड्याळं दोन, आणि ठरलेलं काहीच नाही. ती मुंबई.

राजाबाई टॉवरवरचा अर्धा तास

पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. त्यामुळे प्रत्येक गावाची आपली दुपार असते. मुंबईची दुपार ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं आधी होते, मद्रासची ५ तास २१ मिनिटं, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटं. मुंबईत बारा वाजले की कलकत्त्यात एक वाजून दोन मिनिटं झालेली असत. बैलगाडीच्या काळात या तासाभराचं कुणाला काही पडलेलं नव्हतं.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. पुढच्या वीसेक वर्षांत रूळ देशभर पसरले, शेजारून तारायंत्राच्या तारा गेल्या, आणि वेळापत्रक लिहिणाऱ्यांची पंचाईत झाली. रेल्वेने मधला मार्ग काढला. मद्रास हे मुंबई आणि कलकत्त्याच्या साधारण मधोमध, शिवाय तिथे जुनी वेधशाळा. तिथून तारेने वेळ कळवता येई. म्हणून रेल्वे मद्रास टाइमवर चालू लागली. मुंबईतल्या प्रवाशाला घरचं घड्याळ एक आणि स्टेशनचं दुसरं. स्टेशनचं अर्धा तास पुढे.

१८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांनाही मद्रास टाइम लावला. कागदावर ही सोय होती. शहराला मात्र ती सोय वाटली नाही. आपल्या डोक्यावरचा सूर्य सोडून दुसऱ्या इलाख्याच्या राजधानीची वेळ का पाळायची, असा प्रश्न व्यापाऱ्यांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळ्यांनी विचारला.

या भांडणाच्या मध्यभागी एक घड्याळ होतं, आणि तेही मुंबईतलं सगळ्यात देखणं. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने पैसे देऊन बांधवलेला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला होता. त्यावरचं घड्याळ विद्यापीठाच्या ताब्यात. त्याने कोणती वेळ दाखवायची? विद्यापीठाने कौल दिला मुंबई टाइमला. सरकारने उत्तर दिलं खजिन्यातून: घड्याळाच्या तबकडीवर रात्री दिवे हवे असतील तर मद्रास टाइम दाखवा, नाहीतर दिव्यांचा खर्च मिळणार नाही. विद्यापीठ बधलं नाही. १८८३ मध्ये सरकारने हुकूम मागे घेतला.

त्यानंतर वर्षभरातच, १८८४ च्या ऑक्टोबरमध्ये, वॉशिंग्टनला पंचवीस देशांचे प्रतिनिधी जमले आणि ग्रिनिच हे शून्य रेखांश मानायचं ठरलं. जगाचं घड्याळ एका खुंटीला बांधलं जाऊ लागलं. आता भारताने त्या खुंटीपासून किती अंतरावर उभं राहायचं, एवढंच ठरायचं होतं.

गिरणीच्या भोंग्याआधी एकोणचाळीस मिनिटं

ते ठरलं १ जानेवारी १९०६ ला. साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांश घ्यायचा, त्याला चारने गुणायचं, ३३० मिनिटं येतात. साडेपाच तास. ही भारताची प्रमाणवेळ. आज आपल्या फोनमध्ये बसलेला साडेपाचचा आकडा तो हाच. मुंबईकराच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की घड्याळ ३९ मिनिटं पुढे करा.

३९ मिनिटं ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे वेगळी असतात. कचेरीतल्या साहेबाला ती जाणवत नाहीत. पण थंडीत, जानेवारीत, पहाटे अंधारात उठून परळकडे चालत निघणाऱ्या गिरणी कामगाराला कळतात. भोंगा घड्याळात त्याच वेळी वाजतो, पण सूर्य अजून उगवलेला नसतो. त्यातच तेव्हा गिरण्यांमध्ये विजेचे दिवे येत होते, आणि जिथे दिवे आले तिथे कामाचा दिवस लांबत होता. सकाळी आपल्याकडून काढून घेतलेली ३९ मिनिटं संध्याकाळी परत मिळतील, यावर कुणी आणि का विश्वास ठेवावा?

प्रमाणवेळ सुरू झाली त्याच आठवड्यात जेकब ससून गिरणीतल्या हजारो कामगारांनी काम करायला नकार दिला. दगडफेक झाली. मागणी सरळ होती, जुनी वेळ द्या. गिरणीला माघार घ्यावी लागली.

काळही लक्षात घ्या. बंगालची फाळणी होऊन तीन महिनेही झाले नव्हते. स्वदेशीची चळवळ पेटलेली होती. सरकार जे काही वरून लादेल त्याकडे लोक संशयाने बघत होते, मग ते घड्याळ का असेना. मुंबई महापालिकेने १९०६ मध्येच आपल्या अखत्यारीतली घड्याळं मुंबई टाइमवर ठेवण्याचा निर्णय घेतला. वर्तमानपत्रांनी या सगळ्याला 'घड्याळांची लढाई' असं नाव दिलं.

ही लढाई जवळजवळ अर्धशतक चालली. रेल्वे, तार, सरकारी कचेऱ्या प्रमाणवेळेवर. महापालिकेची घड्याळं आणि असंख्य घरं मुंबई टाइमवर. लग्नाच्या आमंत्रणात नुसता मुहूर्त छापून भागत नसे, कोणत्या टाइमने हेही सांगावं लागे. स्वातंत्र्य मिळालं, परका सरकारी टाइम आता आपलाच झाला, तरी पालिकेची घड्याळं लगेच बदलली नाहीत. बदलली ती पन्नाशीच्या दशकात, फारसा गाजावाजा न होता.

पूर्ण मात्र ती अजूनही बदललेली नाहीत. पारशी धर्मात दिवसाचे पाच प्रहर असतात, त्यांना 'गेह' म्हणतात. दुपारचा गेह माध्यान्हीला सुरू होतो. मुंबईतल्या पारशी घरात तो आपल्या घड्याळात साधारण बारा चाळीसला सुरू झाला असं मानतात. बारा अधिक तीच ३९ मिनिटं.

आजीचा एक तास

ओंकारच्या मुलाखतीची गोष्ट घरात सांगत होतो तेव्हा आजी म्हणाली, 'माझ्या जन्माचाही एक तास कापलाय.' आधी कळेना. मग तिने पत्रिका काढायला लावली. जन्म १९४४, गिरगाव. जन्मवेळेच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं: वॉर टाइम, एक तास वजा.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने प्रमाणवेळ एक तासाने पुढे नेली होती. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारत ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होता. संध्याकाळचा उजेड जास्त वापरता यावा, वीज वाचावी, हा हेतू. युद्ध संपलं, तास परत आला, आणि सामान्य माणूस हे विसरून गेला. विसरले नाहीत ते ज्योतिषी. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, म्हणून एका तासाच्या फरकाने अख्खी कुंडली फिरू शकते. आजही पत्रिकेचं सॉफ्टवेअर त्या तीन वर्षांतल्या जन्मांसाठी हा तास वजा करतं. पत्रिकेवर तुमचा विश्वास असो वा नसो, माणूस नेमका कोणत्या क्षणी जन्मला याचं उत्तर तेव्हाच्या घड्याळाचा झोन कळल्याशिवाय देता येत नाही.

कॉम्प्युटरच्या दुनियेतही ज्योतिषाने एकदा मोठा गोंधळ घातला.

फाइलमधलं शहर

जगातल्या जवळजवळ सगळ्या फोन आणि सर्व्हरमध्ये एक मोफत यादी असते, टाइम झोन डेटाबेस. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती ऐंशीच्या दशकात सुरू केली, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळली. कोणत्या देशाने कधी घड्याळ पुढे केलं, कधी मागे, याची ही नोंदवही. नेपाळ १९८६ मध्ये साडेपाचवरून पावणेसहावर गेला, ते यात आहे. श्रीलंका १९९६ मध्ये आपल्या वेळेपासून दूर गेली आणि २००६ मध्ये परत आली, तेही आहे. सामोआ बेटांनी २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवस कॅलेंडरमधून गाळला, तोसुद्धा.

२०११ मध्ये अ‍ॅस्ट्रोलेब नावाच्या, ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा ठोकला. डेटाबेसमधली जुनी माहिती आमच्या अ‍ॅटलासातून घेतली आहे, असं तिचं म्हणणं. काही दिवस यादी इंटरनेटवरून उतरवावी लागली. सगळ्या जगाची घड्याळं दोन माणसांच्या फावल्या वेळातल्या कामावर उभी आहेत, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा समजलं. यादीची व्यवस्था मग आयाना या इंटरनेटच्या नावंक्रमांकांचा हिशोब ठेवणाऱ्या संस्थेकडे गेली. पुढच्या वर्षी कंपनीने माफी मागून दावा मागे घेतला.

ओंकारच्या प्रश्नाचं उत्तर याच यादीच्या नियमांत आहे. झोनला देशाचं नाव द्यायचं नाही, कारण देश तुटतात, जुळतात, सीमांवरून भांडतात. नाव शहराचं द्यायचं, आणि शक्यतो त्या भागातल्या सगळ्यात मोठ्या शहराचं. यादी सुरू झाली तेव्हा हाताशी १९८१ ची जनगणना होती, आणि तिच्यात कलकत्ता महानगर मुंबईपेक्षा मोठं होतं. दहाच वर्षांनी, १९९१ मध्ये, मुंबई पुढे गेली. पण लोकसंख्या बदलली म्हणून झोनचं नाव बदलत नाहीत, कारण लाखो प्रोग्राममध्ये ते लिहिलेलं असतं. २००१ मध्ये शहराचं नाव कोलकाता झालं, डेटाबेसमध्ये ते २००८ मध्ये आलं, आणि जुनं 'कलकत्ता' हे टोपणनाव म्हणून ठेवावं लागलं. काही ब्राउझर अजूनही तेच जुनं नाव सांगतात.

सीमांची भीती खोटी नव्हती. विंडोज ९५ मध्ये झोन निवडायला जगाचा नकाशा होता. मायक्रोसॉफ्टमध्ये नकाशांचं काम पाहिलेले टॉम एडवर्ड्स यांनी नंतर सांगितलं की त्या नकाशात आठ ठिपके वेगळ्या हिरव्या छटेत होते, त्यामुळे काश्मीर भारताबाहेर दिसत होता, आणि कंपनीला भारतातल्या दोन लाख प्रती परत घ्याव्या लागल्या. घड्याळ लावायच्या खिडकीत देशाची सीमा येऊन उभी राहिली होती.

मग मुंबईला आपला झोन का नाही? त्यालाही नियम आहे. १९७० नंतर दोन शहरांची घड्याळं वेगळी चालली असतील, तरच वेगळा झोन. मुंबईची वेगळी वेळ त्याआधीच संपली होती. म्हणून कोलकात्याच्या नावाच्या झोनमध्ये १९०६ पूर्वीची काही दशकं मद्रास टाइम लिहिलेला आहे, त्यानंतर साडेपाच तास, युद्धातला तासही आहे. ४ तास ५१ मिनिटं मात्र कुठेच नाहीत. तुमच्या फोनला १९०० सालच्या मुंबईतली वेळ विचारली, तर तो मद्रासची सांगेल. म्हणजे राजाबाई टॉवरने जो अर्धा तास नाकारला होता, नेमका तोच तो मिळवेल.

फाइलमध्ये मुंबई आहे, पण वेगळ्या जागी. आशियाच्या फाइलमध्ये, भारताच्या नोंदीच्या वर, माणसांनी माणसांसाठी लिहून ठेवलेले शेरे आहेत. त्यात १९०६ च्या जानेवारीतल्या गिरणी कामगारांचा दंगा आहे आणि घड्याळांच्या लढाईचा उल्लेख आहे. त्या ओळींच्या आधी एक खूण असते. ती खूण दिसली की कॉम्प्युटर ती ओळ न वाचता पुढे जातो.

पुन्हा कल्याण

ओंकारच्या लॅपटॉपवर मी तीन गोष्टी केल्या, त्याच क्रमाने तुम्हीही करा. आधी झोन बरोबर निवडला. मग 'वेळ आपोआप सेट करा' पुन्हा चालू केलं. मग 'आत्ताच जुळवा' दाबून इंटरनेटवरून मोजणी दुरुस्त करून घेतली. काट्यांना हात लावला नाही. घड्याळ ठरावीक तुकड्याने चुकत असेल तर काटे हलवायचे नसतात, कारण त्याने चूक जात नाही, फक्त दिसेनाशी होते.

त्याने कंपनीला ईमेल लिहून सगळं सांगितलं. उत्तर आलं नाही. अर्ध्या तासाची बाजू ऐकून घ्यायला समोर कुणी असावं लागतं. गिरणीच्या दारात हजारो होते, हा एकटा होता.

दोन महिन्यांनी दुसरीकडून बोलावणं आलं. वेळेपुढे इंग्रजीत नुसतं 'आयएसटी' होतं. ओंकारने उलट विचारलं, भारताची की आयर्लंडची की इस्राएलची? तिघांचीही आद्याक्षरं तीच आहेत. समोरच्या बाईंनी हसून उत्तर पाठवलं, भारताची, दुपारी तीन.

तो अडीचलाच बसला. आजी बाहेरून ओरडली, 'कुठल्या टाइमने रे?'